पीई शंभरावर, तरी बाजार स्वस्त: दहा वर्षांच्या सरासरीची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका कोड्याने करूया.

तारीख ९ मार्च २००९. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ६७६ वर बंद झाला. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर २००७ मध्ये, तोच १५६५ वर होता. म्हणजे शंभर रुपये लावणाऱ्याकडे त्रेचाळीस उरले. लेहमन ब्रदर्स बुडून सहा महिने होत आले होते, आणि शेअर हा शब्द कुणाला ऐकवत नव्हता. आता प्रश्न असा: त्या मार्च ते मेच्या काळात या निर्देशांकाचा पीई किती होता?

भाव निम्म्याच्याही खाली आलाय म्हटल्यावर आपण म्हणू, दहा असेल, बारा असेल. उत्तर आहे शंभरच्या वर!

गडबड कुठे झाली ते बघा. पीई म्हणजे भाव भागिले नफा. अपूर्णांकात वरचा आकडा भावाचा आणि खालचा गेल्या बारा महिन्यांच्या नफ्याचा. २००७ च्या मध्यावर या निर्देशांकाचा वर्षाचा नफा, निर्देशांकाच्याच मापात, ८५ डॉलरच्या आसपास होता. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत बँकांनी आणि विमा कंपन्यांनी एवढा तोटा दाखवला, की पाचशे कंपन्यांची बेरीजच उणे आली. या निर्देशांकाच्या नोंदीत असं पहिल्यांदाच घडलं. मार्च २००९ पर्यंतच्या बारा महिन्यांचा नफा उरला सुमारे ७ डॉलर. वरचा आकडा निम्मा झाला, पण खालचा जवळपास नाहीसा झाला. त्यामुळे भागाकार आभाळाला टेकला.

म्हणजे ज्या काळात शेअर घेणं पुढे सगळ्यात फायद्याचं ठरलं, त्याच काळात पीई सांगत होता, "अतिशय महाग, हात लावू नका."

त्याच वेळी दुसरं एक मोजमाप मात्र १३ च्या आसपास होतं. १९८६ नंतर ते इतकं खाली आलं नव्हतं. त्याचा भाव तोच होता, फक्त खालच्या जागी एका वर्षाचा नफा नव्हता. तिथे होती गेल्या दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी, तीसुद्धा महागाईचा हिशेब करून. या मोजमापाला केप रेशो म्हणतात, किंवा शिलर पीई. आजचा भाग त्याचा इतिहास सांगणार आहे. आपल्या फोनमधल्या प्रत्येक ट्रेडिंग ॲपमध्ये शेअरच्या नावाखाली पीई लिहिलेला असतो, आणि आपल्यापैकी बरेच जण तो एक आकडा बघून स्वस्त-महाग ठरवतात. म्हणून ही गोष्ट माहीत असलेली बरी.

वर्गातल्या नोट्स

गोष्ट सुरू होते बेंजामिन ग्रॅहमपासून. जन्म लंडनचा, १८९४ चा. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आलं. ग्रॅहम नऊ वर्षांचा असताना वडील गेले. आईने शेअर बाजारात थोडे पैसे लावले होते, तेही उधारीवर, आणि १९०७ च्या पडझडीत ते गेले. पोरगा हुशार होता. कोलंबिया विद्यापीठातून १९१४ ला बाहेर पडला, तेव्हा इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्याला शिकवायला ये म्हणून सांगितलं. तो गेला वॉल स्ट्रीटवर.

१९२८ च्या सुमारास त्याने कोलंबियात संध्याकाळचा वर्ग घ्यायला सुरुवात केली. त्याची एक अट होती: कुणीतरी नोट्स नीट उतरवून घ्यायच्या. ते काम डेव्हिड डॉड या तरुण प्राध्यापकाने केलं. त्यातूनच १९३४ मध्ये दोघांचं ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हे पुस्तक आलं. थोडक्यात, गुंतवणुकीवरचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ एका ट्रान्सक्रिप्टमधून जन्मला. आमच्यासारख्या पॉडकास्टवाल्यांना हे ऐकून जरा बरं वाटतं!

मधल्या काळात १९२९ चा महापात झाला. ग्रॅहम स्वतः त्यात सापडला. १९३२ पर्यंत तो सांभाळत असलेल्या पैशातले सुमारे ७० टक्के गेले होते. त्यामुळे पुस्तकातला सावधपणा पुस्तकी नाही, तो पोळलेल्या माणसाचा आहे.

ग्रॅहमचं निदान साधं होतं. १९२० च्या आधी जाणता गुंतवणूकदार कंपनीच्या मागच्या बऱ्याच वर्षांचा सरासरी नफा बघायचा. तेजी आली आणि लोक म्हणायला लागले, हे नवं युग आहे, सरासरी जुनी झाली, आता कल बघा. नफा तीन वर्षं वाढतोय ना? मग पुढेही वाढणार. एकदा का सरासरी सोडून कलावर पैसे द्यायचे ठरलं, की किमतीला वरची मर्यादाच राहत नाही. कारण वाढणारी रेघ पुढे कितीही लांब काढता येते, कागद आपला असतो.

म्हणून ग्रॅहम आणि डॉड यांनी नियम सांगितला: नफा बघायचा तर किमान पाच वर्षांची सरासरी घ्या, शक्यतो सात किंवा दहा वर्षांची. एवढ्या काळात एखादी तेजी येऊन जाते, एखादी मंदीही येऊन जाते, आणि कंपनीची खरी कमाईची ताकद दिसते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं. रात्री बारा वाजता सेल सुरू झाला आणि सर्व्हरवरचा लोड एक मिनिट वीसपट झाला, म्हणून कुणी वर्षभरासाठी वीसपट मशिन घेत नाही. आणि पहाटे चारला लोड शून्यावर आला म्हणून सर्व्हर भंगारातही काढत नाही. कमाईचंही तसंच आहे. फक्त तिथे पहाट आणि मध्यरात्र यांच्यात चार-पाच वर्षं जातात, म्हणून आपण फसतो.

विदा गोळा करणारा माणूस

नियम चांगला होता, पण तो खरंच चालतो का हे तपासायला जुने आकडे हवेत. ते एका वेगळ्याच माणसाने गोळा केले. त्याचं नाव आल्फ्रेड कोल्स.

कोल्स पैसेवाल्या घरातला. क्षयरोगामुळे तो कोलोरॅडो स्प्रिंग्सला हवापालटासाठी राहत होता आणि तिथून घरचे व्यवहार बघायचा. त्यासाठी तो बाजाराचा अंदाज सांगणारी बरीच पत्रकं मागवायचा. १९२९ ला त्यातलं काहीच कामी आलं नाही. दुसरा कुणी असता तर शिव्या घालून गप्प बसला असता. कोल्सने १९३२ मध्ये स्वतःच्या पैशाने संशोधन संस्थाच काढली. १९३३ मध्ये त्याने शोधनिबंध लिहिला. बाजाराचे अंदाज सांगणाऱ्यांना खरंच अंदाज येतो का, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर जवळपास नकारार्थी निघालं.

त्याच कोल्सने १९३८ मध्ये अमेरिकी शेअर्सचे १८७१ पासूनचे भाव, लाभांश आणि नफा यांची मोठी मालिका छापली. तेव्हा संगणक नव्हते, पंच कार्डांची यंत्रं होती. आज केपचा आलेख १८८१ पासून सुरू होतो, त्यामागे ही मेहनत आहे. विदा १८७१ पासून, पहिली दहा वर्षं सरासरीला लागतात, म्हणून १८८१.

महागाई कुठे आली?

ग्रॅहमच्या नियमात महागाई नव्हती. १९७० च्या दशकाने ती दाखवून दिली. १९७३ ते १९८२ या नऊ वर्षांत अमेरिकेतला किमतींचा निर्देशांक दुपटीहून जास्त झाला. आता विचार करा, १९७३ चा एक डॉलर नफा आणि १९८२ चा एक डॉलर नफा यांची सरळ सरासरी काढायची? एक आकडा मीटरमध्ये आणि दुसरा फुटांत असताना बेरीज केल्यासारखंच ते.

१९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी ही दुरुस्ती केली. त्यांनी कोल्सची जुनी मालिका पुढे जोडली, प्रत्येक वर्षाचा नफा आजच्या किमतीत आणला, आणि मग दीर्घकाळाची सरासरी घेतली. त्यांना जे दिसलं ते असं: पुढच्या वर्षी बाजार कुठे जाईल हे यातून फारसं कळत नाही, पण पुढच्या दहा वर्षांत साधारण किती परतावा मिळेल याच्याशी या आकड्याचं बऱ्यापैकी नातं आहे. केप जास्त असताना घेतलं तर पुढचं दशक पातळ, कमी असताना घेतलं तर जाड.

गणित अवघड नाही. समजा एका काल्पनिक कंपनीचा दहा वर्षांपूर्वी प्रतिशेअर नफा २० रुपये होता. तेव्हा महागाईचा निर्देशांक १०० होता आणि आज १६० आहे. मग तो जुना नफा आजच्या पैशात २० गुणिले १६० भागिले १००, म्हणजे ३२ रुपये. असं दहाही वर्षांचं करायचं, तोट्याच्या वर्षाचे उणे आकडेसुद्धा धरायचे, आणि दहाने भागायचं. समजा सरासरी ३० आली आणि शेअरचा भाव ६०० आहे. केप झाला २०. स्प्रेडशीटमध्ये दहा ओळींचं काम आहे.

इतिहासातले काही आकडे बघा. १९२९ च्या शिखरावर केप ३२ च्या वर होता. १९३२ च्या तळाला तो सहाच्याही खाली गेला. ऑगस्ट १९८२ मध्ये, अमेरिकेत शेअर्सवरचा विश्वास आटला होता तेव्हा, साडेसहा-सातच्या घरात होता, आणि तिथूनच अठरा वर्षांची तेजी सुरू झाली. डिसेंबर १९९९ मध्ये तो ४४ ला पोचला, नोंदींतला सर्वोच्च. पुढच्या मार्चमध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला.

इथपर्यंत ऐकून वाटेल, मिळाली किल्ली! थांबा जरा.

बरोबर, पण कधी?

३ डिसेंबर १९९६. कॅम्पबेल आणि शिलर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत, फेडरल रिझर्व्हमध्ये गेले आणि बाजार महाग झालाय असं त्यांनी तिथे मांडलं. केप तेव्हा २८ च्या आसपास होता. दोनच दिवसांनी फेडचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी एका भाषणात बाजारातल्या अवाजवी उत्साहाबद्दल शंका काढली. त्यांचे ते दोन इंग्रजी शब्द, ‘इर्रॅशनल एक्झुबरन्स’, जगभर गाजले. दुसऱ्या दिवशी टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत बाजार गडगडले.

आणि मग? मग बाजार सावरला आणि चढतच राहिला. भाषणाच्या दिवशी एस अँड पी ५०० होता ७४४. मार्च २००० मध्ये तो १५२७ ला पोचला, म्हणजे दुपटीहून वर. शिलर यांचं ऐकून १९९६ ला बाहेर पडलेला माणूस तीन वर्षं शेजाऱ्याचे नवे बंगले बघत बसला.

शिलर आणि कॅम्पबेल यांच्या समीकरणातून असं निघत होतं, की दहा वर्षांत बाजाराची किंमत, महागाई वजा जाता, सुमारे ४० टक्क्यांनी कमी होईल. प्रत्यक्षात २००७ च्या सुरुवातीला ती चाळीसहून जास्त टक्क्यांनी वाढलेली होती. अंदाज साफ चुकला.

पण अजून दोन वर्षं पुढे या. ९ मार्च २००९ ला निर्देशांक ६७६. १९९६ च्या भाषणाच्या दिवसापेक्षा खाली, तोही महागाई न धरता! सव्वाबारा वर्षांनी बाजार शिलर यांच्या इशाऱ्याच्या खाली उतरला. मग ते बरोबर होते की चूक? मला वाटतं या मोजमापाचा खरा स्वभाव इथे कळतो. भाव किती ताणलाय हे ते सांगतं. रबर कधी तुटेल ते सांगत नाही.

शिलर यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच पारितोषिकात, युजीन फामा हेही होते. बाजारभावात उपलब्ध माहिती आधीच उतरलेली असते, असं आयुष्यभर मांडणारे फामा. तिसरे होते लार्स पीटर हॅन्सन. दोन विरुद्ध मतांना एकच हार घातला गेला, यावरूनच हा प्रश्न किती खुला आहे ते समजा.

मित्राचा आक्षेप

केपवर सगळ्यात नेमकी टीका केली ती जेरेमी सीगल यांनी. ते शिलर यांचे एमआयटीत शिकत असल्यापासूनचे मित्र. सीगल यांचं म्हणणं असं, की सरासरी काढायला हरकत नाही, पण ज्या नफ्याची काढताय तो मुळात एकाच मापाने मोजलेला आहे का? १९९० नंतर आणि विशेषतः २००१ च्या सुमारास अमेरिकेतले हिशेबाचे नियम बदलले. मालमत्तेची किंमत घसरली तर तो तोटा लगेच नफ्यातून वजा करायचा, वाढली तर मात्र विकेपर्यंत धरायची नाही. त्यामुळे मंदीत नफा पूर्वीपेक्षा खोल पडतो. एआयजी या एकट्या विमा कंपनीने २००८ च्या शेवटच्या तिमाहीत ६१ अब्ज डॉलरहून जास्त तोटा दाखवला. निर्देशांकात तिचा वाटा तेव्हा नगण्य उरला होता, पण बेरजेत तिने कितीतरी चांगल्या कंपन्यांचा नफा खाल्ला. आणि ते एक वर्ष पुढची दहा वर्षं सरासरीत बसून राहिलं, म्हणून केप उगाच फुगलेला दिसला.

हा आक्षेप वजनदार आहे. एक गोष्ट तर उघड दिसते: १८८१ पासूनची केपची सरासरी १७ च्या आसपास आहे, आणि १९९० च्या दशकापासून आजवर अमेरिकेचा केप तिच्याखाली गेला तो फक्त २००८-०९ च्या काही महिन्यांत. "सरासरीला आला की घेईन" म्हणणाऱ्याला तीस वर्षांत एकदाच दार उघडं मिळालं. तेही अशा वेळी, जेव्हा नोकरी राहील की नाही याची धास्ती होती. एस अँड पी ५०० ने फेब्रुवारी २०२४ मध्ये ५००० ओलांडले.

एका कंपनीसाठी हे वापरायचं तर?

आतापर्यंत निर्देशांकाबद्दल बोललो. पण ग्रॅहमचा मूळ नियम एकेका कंपनीसाठी होता. आपल्याकडचं उदाहरण घेऊ, टाटा स्टील. पोलाद हा चढउताराचा धंदा.

मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात टाटा स्टीलचा एकत्रित नफा होता सुमारे ४१,७०० कोटी रुपये. शेअरचा पीई चारच्या आसपास दिसत होता. चार! ॲपवर बघणाऱ्याला वाटावं, फुकट मिळतोय. पुढच्या वर्षी नफा सुमारे ८,००० कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे ४,९०० कोटींचा तोटा. चारचा पीई म्हणजे स्वस्ताई नव्हती, तो पोलादाच्या तेजीचा कळस होता.

मागची दहा वर्षं बघणाऱ्याला हे आधी दिसलं असतं. मार्च २०१३ ला संपलेल्या वर्षात सुमारे ७,००० कोटींचा तोटा, मार्च २०१७ च्या वर्षात चार हजार कोटींहून जास्त तोटा. ही वर्षं सरासरीत घातली की ४१,७०० चा आकडा किती एकटा आहे ते कळतं. २००९ च्या कोड्याची ही उलटी बाजू: तिथे वाईट वर्षाने बाजार महाग दाखवला, इथे चांगल्या वर्षाने शेअर स्वस्त दाखवला.

मात्र इथेच नियमाची मर्यादाही आहे. टाटा स्टीलने २०१८ मध्ये भूषण स्टील घेतली. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची कंपनी आणि आजची कंपनी तीच नाही. नवीन शेअर काढले गेले, तुकडे झाले, तर प्रतिशेअर नफाही त्या हिशेबाने दुरुस्त करावा लागतो. चार वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या कंपनीची तर दहा वर्षांची सरासरीच नाही. निर्देशांकात अशा गोष्टी एकमेकींत थोड्या मिटतात, एका कंपनीत मिटत नाहीत. त्यामुळे सिमेंट, पोलाद, साखर अशा चक्री धंद्यात ही सरासरी उपयोगी, पण रूप पालटत असलेल्या कंपनीत ती जुन्या फोटोवरून माणूस ओळखण्यासारखी.

आणि सीगल यांचा मापाचा मुद्दा आपल्याकडेही घडलाय. मार्च २०२१ च्या शेवटी निफ्टीचा पीई एका दिवसात ४० वरून ३३ वर आला. बाजार कोसळला का? नाही, निर्देशांक एखाद्या टक्क्यानेच हलला होता. एनएसईने ३१ मार्चपासून नफा मोजायची पद्धत बदलली: पूर्वी फक्त मूळ कंपनीचा धरायचे, आता उपकंपन्यांसह एकत्रित धरू लागले. म्हणून निफ्टीच्या पीईचा लांबलचक आलेख कुणी दाखवला, तर २०२१ च्या अलीकडचं आणि पलीकडचं एका रेघेत वाचू नका.

मग हातात काय उरलं?

नव्वद वर्षांच्या या प्रवासातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पीई बघताना आपलं सगळं लक्ष भावावर असतं, कारण तो दर सेकंदाला हलतो, हिरवा-लाल होतो. फसवणूक मात्र खालच्या आकड्यात होते, जो तीन महिन्यांतून एकदाच बदलतो आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही. ग्रॅहम, कोल्स, कॅम्पबेल, शिलर, आणि त्यांच्याशी भांडणारे सीगल, सगळ्यांनी आयुष्याचा मोठा भाग त्या खालच्या आकड्यावर घालवला.

म्हणून पुढच्या वेळी ॲपवर पीई चार किंवा पीई शंभर दिसला, की भागाकार मान्य करण्याआधी एक प्रश्न विचारा: हा नफा कुठल्या वर्षाचा आहे, आणि तसं वर्ष दहातून किती वेळा येतं? कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या वेबसाइटवर असतात. शिलर यांची १८७१ पासूनची सगळी विदाही फुकट उतरवता येते. एक रविवार सकाळ, एक स्प्रेडशीट आणि चहा एवढ्यात तुमचा स्वतःचा केप निघतो. तो बघून उद्या घ्यावं की विकावं हे कळणार नाही. पण जे घेताय त्याला भाव जास्त देताय की कमी, याचा अंदाज नक्की येईल.

हा भाग म्हणजे गुंतवणुकीचा सल्ला नाही, इतिहास आहे. पैसे तुमचे, निर्णयही तुमचा.